बेटावरील शैवाल आणि धुऱ्यावरील पऱ्हाटी



वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. बोरगाव (मेघे) येथून निघून मुंबईचा किनारा गाठावयाचा तर रेल्वेने सातशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. आपल्या वर्गातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिला आहे तो चित्रातच. तरीही समुद्रातील वनस्पती आपल्या शेतापर्यंत येऊन पोहोचली आहे, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी आली असेल. कृषी केंद्रात पिकावर फवारण्यासाठी 'समुद्रशैवालाचा अर्क' म्हणून जी बाटली मिळते, त्या बाटलीतील द्रव हा तमिळनाडूसारख्या किनाऱ्यावर वाढविलेल्या शैवालापासून काढलेला असतो. समुद्राने बाहेर टाकलेले, पायाखाली तुडविले जाणारे शेवाळ तिकडे मोजले गेले, तपासले गेले आणि त्यातून उपयुक्त द्रव्ये निघाली. आपल्याकडे मात्र उलंगवाडी झाली की पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर पडतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना काडी लावली जाते.

हे दोन्ही पदार्थ वनस्पतींचेच आहेत. एकाची मोजणी झाली, दुसऱ्याची गावोगाव झालेली नाही, हा त्यांतील मुख्य फरक होय. शैवालाची पाहणी कशी करतात, त्यातून द्रव्ये कशी काढतात, आणि तीच रीत आपल्या शाळेच्या परिसरात कशी वापरता येईल, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

शैवाल म्हणजे काय

समुद्रशैवाल ही मुळे, खोड व पाने असे खरे अवयव नसलेली वनस्पती आहे. खडकाला धरून राहण्यासाठी तिला एक पकड असते; परंतु ती मुळाप्रमाणे जमिनीतून अन्न शोषून घेत नाही. सभोवतालच्या पाण्यातूनच संपूर्ण शरीराने ती क्षार घेते आणि सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते. रंगावरून शैवालांचे तीन मोठे गट पाडतात : हिरवी, तपकिरी व तांबडी. तांबड्या गटातील जेलिडिएला व ग्रॅसिलॅरिया यांपासून अगर मिळतो; तपकिरी गटातील सरगॅसमपासून अल्जिनेट नावाचे द्रव्य मिळते. भारताच्या किनाऱ्यावरील शैवालांची जी सुधारित यादी २००१ साली प्रसिद्ध झाली, तीत ८४४ जातींची नोंद आहे.

ही यादी एका दिवसात झालेली नाही. बोर्गेसेन नावाचे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ १९२७-२८ च्या सुमारास आपल्या देशात आले आणि त्यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवाले गोळा करून त्यांचे वर्णन केले. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली भावनगर येथे मीठ व सागरी रसायने यांच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली, आणि १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली, जिचे मुख्यालय गोव्यात आहे. ह्या दोन्ही संस्थांनी किनारे व बेटे पायाखाली घातली. गोव्याच्या संस्थेतील उंटवले, धारगळकर व आगडी यांनी १९८३ साली भारतातील सागरी शैवालांची सूची सिद्ध केली. १९८४ साली उंटवले व जगताप यांचा लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरील सागरी वनस्पतींविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. मिनिकॉय हे लक्षद्वीपचे अगदी दक्षिणेकडील बेट. पोवळ्यांच्या कड्याने वेढलेला उथळ जलाशय आणि त्याच्या तळाशी वाढणारी झाडोरी, असे त्याचे स्वरूप आहे. अशा ठिकाणी काय वाढते आणि किती वाढते, हे कोणी तरी पाण्यात उतरून पाहिल्याखेरीज कळत नाही.

महाराष्ट्रात हे पाहावयाचे असेल तर मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्या परिसरातील खडकांवर ओहोटीच्या वेळी सरगॅसमसारखी शैवाले उघडी पडतात. ह्या परिसरातील सागरी जीवनाचे रक्षण व्हावे म्हणून १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले.

बेटाची पाहणी कशी करतात

पाहणी म्हणजे नुसते फिरून येणे नव्हे. संपूर्ण बेटावरील शैवाल उपटून तोलणे शक्य नसते आणि तसे करणे इष्टही नसते. म्हणून नमुन्याची रीत वापरतात. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास ओहोटीचे पाणी नेहमीपेक्षा अधिक मागे हटते. अशी वेळ त्यासाठी निवडतात. भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या दिशेने एक दोर सरळ ताणतात. त्या दोरावर ठरावीक अंतरांवर ५० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद अशी चौकट ठेवतात. चौकटीचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर होते. चौकटीत कोणकोणत्या जाती आहेत ते लिहून घेतात, त्यांतील शैवाल काढून धुतात, तोलतात, आणि नंतर वाळवून पुन्हा तोलतात.

येथे दोराचे महत्त्व विशेष आहे. दोर नसेल तर पाहणाऱ्याचा पाय नकळत जेथे दाट शैवाल आहे तेथेच वळतो आणि हिशेब फुगतो. चौकट कोठे पडावी हे दोर ठरवितो, आपली आवड ठरवीत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अनेक चौकटींतील शैवालाचे सरासरी वजन ३०० ग्रॅम आले. म्हणजे एका चौरस मीटरला १,२०० ग्रॅम, अर्थात १.२ किलोग्रॅम. खडकाळ पट्टा ५,००० चौरस मीटर असेल तर एकूण ओले शैवाल ६,००० किलोग्रॅम, म्हणजे ६ टन. परंतु ओल्या शैवालात पाण्याचा भाग ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. वाळल्यावर हे सहा टन एक टनाच्या जवळपास येऊन ठेपतील. त्यातही सर्वच भाग उपयुक्त द्रव्याचा नसतो. पाहणी मनुष्याला असा भानावर आणते. 'अमाप आहे' हा शब्द मोजमाप केल्यानंतर सहसा टिकत नाही.

राखेपासून द्रव्यापर्यंत

शैवालातून द्रव्ये काढण्याचा इतिहास आपल्या विषयाशी फार जवळचा आहे, कारण त्याचा आरंभ जाळण्यापासूनच झाला. युरोपात किनाऱ्यावरचे शैवाल गोळा करून वाळवीत, खड्ड्यात जाळीत आणि त्याची राख साबण व काच करणाऱ्यांना विकीत. अशाच राखेवर काम करीत असता १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा यास जांभळ्या वाफा निघताना दिसल्या आणि आयोडीन हे मूलद्रव्य सापडले. आज आपण मिठात जे आयोडीन घालतो, त्याची जगाला ओळख अशी शैवालाच्या राखेतून झाली.

परंतु राखेत फक्त क्षार उरतात. बाकीचे सर्व धुराबरोबर निघून जाते. ही गोष्ट स्टॅनफर्ड नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने हेरली. १८६२ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे निबंध वाचून त्याने शैवाल उघड्यावर जाळण्यातील नासाडी दाखवून दिली. पुढे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर त्याने काम केले आणि १८८१ च्या सुमारास तपकिरी शैवालातून अल्जिन हे चिकट द्रव्य वेगळे केले. आज कापडावरील छपाईच्या रंगाला दाटपणा आणण्यासाठी, दातांचे ठसे घेण्यासाठी आणि जखमेवरील पट्ट्यांसाठी अल्जिनेट वापरतात. पिढ्यान् पिढ्या जे धूर होऊन जात होते, ते हे.

अल्जिनेट काढण्याची रीत थोडक्यात अशी आहे. वाळलेले शैवाल धुऊन सौम्य आम्लात भिजवितात. नंतर धुण्याच्या सोड्याच्या कोमट द्रावणात ठेवले म्हणजे अल्जिनेट त्यात विरघळते व बाकीचा चोथा मागे राहतो. गाळलेल्या द्रावणात आम्ल घातले की अल्जिनिक आम्ल साका होऊन वेगळे पडते.

अगरची रीत ह्याहून सोपी. तांबडे शैवाल पाण्यात उकळतात, गाळतात आणि निवू देतात; निवल्यावर त्याचा थलथलीत गोळा बनतो. एकदा घट्ट झालेला अगर पुन्हा वितळण्यास सुमारे ८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणूनच रोगजंतू वाढविण्यासाठी तो प्रयोगशाळेत उपयोगी पडला. ही युक्ती १८८१ मध्ये फॅनी हेसे ह्या गृहिणीने सुचविली. उन्हाळ्यातही न वितळणारे गोड पदार्थ करण्यासाठी ती स्वयंपाकघरात अगर वापरीत असे. तिचा पती रॉबर्ट कॉख ह्यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. स्वयंपाकघरातील ज्ञान शास्त्राच्या कामी कसे येते, हे मुलींना सांगण्यासारखे उदाहरण आहे.

ह्या साऱ्या रीतींचे सार एकच आहे : हवे ते द्रव्य कशात विरघळते हे शोधावयाचे, विरघळवून चोथ्यापासून अलग करावयाचे, आणि मग द्रावणातून परत मिळवावयाचे. चहा करताना आपण यातील पहिली दोन पावले रोजच टाकीत असतो.

वर्ध्याची स्वतःची परंपरा

पाहणी आणि टाकाऊ वनस्पतींचा उपयोग हे दोन्ही विषय वर्ध्याला नवे नाहीत. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाले. त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. तेलघाणी, हातकागद, साबण, गूळ अशा उद्योगांवर तेथे प्रयोग होत असत.

परंतु कुमारप्पांनी उद्योगाआधी पाहणी केली, हे आपण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे. मगनवाडीस येण्यापूर्वी, १९२९-३० च्या सुमारास, त्यांनी गुजरातेत खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती. त्यात ५४ खेडी घेतली होती आणि घरोघर जाऊन माहिती गोळा करणारे होते ते गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले. सहाशेहून अधिक खेड्यांच्या पाहणीवर आधारलेले त्या समितीचे काम १९३९ साली अहवालरूपाने पुढे आले.

कुमारप्पांनी संपत्तीचे दोन प्रकार मानले. कोळसा, खनिज तेल यांसारखी संपत्ती ही साठ्याची. काढली की तेवढी कमी होते. पीक, लाकूड, गवत यांची संपत्ती ही प्रवाहाची. दरवर्षी नवी येते. प्रवाहाच्या संपत्तीवर उभारलेला व्यवहार टिकाऊ असतो, असे ते सांगत. पऱ्हाटी, तुराटी, सोयाबीनचे कुटार, संत्र्याची साल ही सारी ह्या दुसऱ्या प्रकारात येतात. मात्र प्रवाहही आटू शकतो. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत दिले नाही, तर प्रवाहाचा साठा होतो आणि साठा संपतो.

मगनवाडीच्या परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. बोरगावच्या शाळेस ती हाकेच्या अंतरावर आहे. सहल केवळ दूरचीच असावी असा नियम नाही.

आपल्या धुऱ्यावर काय आहे

प्रथम पऱ्हाटी घेऊ. देशात दरवर्षी अडीच ते तीन कोटी टन पऱ्हाटी निघते असा अंदाज आहे. तिच्यात मुख्यतः तीन द्रव्ये असतात. सेल्युलोज, ज्याचा कागद होतो. हेमिसेल्युलोज, जे सहज फुटते. आणि लिग्निन, जे काडीला ताठपणा देते. लिग्निनचे प्रमाण सुमारे चतुर्थांश असते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून दाबून केलेल्या फळ्या, इंधनाच्या कांड्या व धिंगरी अळिंबीची लागवड यांच्या रीती विकसित केल्या आहेत. नागपूर येथे त्या संस्थेचे प्रशिक्षण केंद्र आहे.

हेमिसेल्युलोजपासून फरफ्युरल नावाचे तेलकट द्रव्य मिळते. अमेरिकेत १९२२ साली ओटच्या टरफलांचे ढीग कारखान्यात साचले होते. त्यांचे काय करावे ह्या विवंचनेतून ते प्रथम मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. मक्याची बुरकुंडे, उसाचे चिपाड व पऱ्हाटी यांतूनही ते निघू शकते.

आता दुसरी बाजू पाहू. पऱ्हाटी शेतात पेटविली की तिच्यातील कार्बन व नत्र ही धुरावाटे जातात. राखेत पालाश, चुना असे क्षार राहतात, तेही पहिल्या वळवाने पुष्कळसे वाहून जातात. पेटविली नाही आणि धुऱ्यावर तशीच रचून ठेवली, तर दुसरे संकट उभे राहते. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढील हंगामात परत शेतात उतरते. २०१७ च्या हंगामात ह्या अळीने विदर्भातील कापूस उत्पादकांचे किती नुकसान केले, हे आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी विचारले तरी कळेल. म्हणून शेतातील पीक वेळेवर संपवावे, पऱ्हाटी यंत्राने बारीक करून कुजवावी किंवा तिचा लगेच उपयोग करावा, असा सल्ला कृषी विभाग देतो. जाळणे आणि रचून ठेवणे ह्या दोहोंच्या मधला मार्ग शोधणे हा आपल्या गावांपुढचा खरा प्रश्न आहे.

दुसरा पदार्थ संत्र्याची साल. कारंजा, आष्टी व आर्वी तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. सालीच्या बाहेरील केशरी भागात सुगंधी तेलाच्या बारीक पिशव्या असतात. ह्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन ह्या द्रव्याचा असतो. आतील पांढऱ्या भागात पेक्टिन असते. १८२५ साली फ्रान्समधील ब्राकोनो याने त्याला हे नाव दिले. जॅम व जेली घट्ट होते ती पेक्टिनमुळे. आम्लाच्या गरम पाण्यात ते विरघळते आणि अल्कोहोल घातले की गोळा होऊन बाहेर पडते. शैवालातील अगर व सालीतील पेक्टिन हे जणू एकाच घराण्यातील आहेत : दोन्ही वनस्पतीच्या पेशींच्या भिंतीतील, दोन्ही गरम पाण्याने सुटणारी, दोन्ही निवल्यावर थलथलीत होणारी. पेक्टिनला त्यासाठी साखर व आम्लाची जोड लागते, इतकाच भेद.

वर्गात करावयाचे काम

पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी पुढील काम सुचवितो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून जी नई तालीम पुढे आली, तिच्यातील समवायाचे तत्त्व ह्यात सहज साधते. गणित, परिसर अभ्यास, विज्ञान व भाषा ही एकाच कामात येतात.

पहिले काम, पऱ्हाटीची मोजणी. उलंगवाडीनंतर एखाद्या शेतकऱ्याची संमती घेऊन त्याच्या शेतात जावे. कपाशीच्या ओळींत अंतर असल्याने लहान चौकट येथे चालत नाही. ५ मीटर लांब व २ मीटर रुंद असा १० चौरस मीटरचा आयत दोरीने आखावा. असे पाच आयत घ्यावेत. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. प्रत्येक आयतातील झाडे मोजावीत, जमिनीलगत कापलेली पऱ्हाटी वाळल्यावर तोलावी. समजा पाच आयतांची वजने २.१, २.६, १.९, २.८ व २.६ किलोग्रॅम आली. बेरीज १२, सरासरी २.४ किलोग्रॅम. हेक्टरमध्ये १०,००० चौरस मीटर, म्हणजे असे १,००० आयत. तेव्हा हेक्टरी २,४०० किलोग्रॅम, अर्थात २४ क्विंटल; एकरी सुमारे पावणेदहा क्विंटल. हे आकडे केवळ हिशेब दाखविण्यासाठी घेतले आहेत. आपल्या गावचे आकडे आपणच काढावयाचे आहेत. तलाठ्याकडून गावातील कपाशीचे क्षेत्र विचारून घेतले की गावाची एकूण पऱ्हाटी किती, हे मुले स्वतः सांगू शकतील.

दुसरे काम, घरोघरची विचारपूस. आपल्या घरी पऱ्हाटीचे काय होते? चुलीत, खतात, कुंपणाला, विकली, की पेटविली? मुलांनी प्रत्येकी पाच घरी विचारून तक्ता करावा. कोणाचेही नाव लिहू नये आणि पेटविणाऱ्यास दोष देऊ नये. त्याच्यामागे मजुरीचा व पुढच्या वखरणीच्या घाईचा विचार असतो, तोही लिहून घ्यावा.

तिसरे काम, द्रव्ये ओळखणे.

(अ) संत्र्याची ताजी साल कागदावर दाबावी. पडलेला डाग प्रथम तेलकट दिसतो व काही वेळाने उडून जातो. तेल उडणारे आहे हे कळते. तोच फवारा फुगविलेल्या रबरी फुग्यावर मारला तर फुगा फटकन फुटतो, कारण लिमोनीन रबर विरघळविते.

(आ) सालीचा पांढरा भाग बारीक करून, लिंबाचा थोडा रस घातलेल्या पाण्यात शिक्षकाने स्वतः पंधरा-वीस मिनिटे उकळावा व फडक्यातून गाळावा. पाणी पूर्ण निवल्यावर व चूल विझविल्यावर, एक चमचा गाळलेल्या पाण्यात तीन चमचे स्पिरिट घालावे. पेक्टिनचे बुळबुळीत गोळे दिसू लागतात. स्पिरिट लगेच पेट घेते व ते विषारी असते. म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये, आणि प्रयोगातील काहीही चाखू नये. बागेत फवारणी झालेली असते, तेव्हा साल आधी नीट धुवावी.

(इ) चुलीतील पऱ्हाटीची थंड राख पाण्यात ढवळून निवळी घ्यावी. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेला कागद तीत घातला की तो तांबडा होतो. राखेत क्षार उरले, हे मुलांना दिसते. मग विचारावे : 'इतक्या मोठ्या भाऱ्याची एवढीशी राख झाली, बाकीचे कोठे गेले?' ह्या प्रश्नाचे उत्तर मुलांना शोधू द्यावे. राखेचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये.

तीन प्रश्न

ह्या कामातून मुलांच्या मनात तीन प्रश्न रुजावेत, अशी अपेक्षा आहे. किती आहे? त्यात काय आहे? आणि काढून घेतल्यावर मागे काय राहिले पाहिजे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मनुष्याला घाई होते आणि तिसरा प्रश्न मागे पडतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मन्नारच्या आखातात हेच घडले. अगरसाठी लागणाऱ्या तांबड्या शैवालाची मागणी वाढली, ओरबाड झाली आणि शैवाल विरळ होऊ लागले. १९८६ साली तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले व तेथील बेटांभोवती शैवाल काढण्यावर बंधने आली. त्याचा भार पडला तो ज्या कोळी स्त्रिया पाण्यात बुडी मारून शैवाल गोळा करीत व त्यावर संसार चालवीत, त्यांच्यावर. पुढे त्या स्त्रियांनीच एकत्र येऊन महिन्यातील ठरावीक दिवसच शैवाल काढावयाचे, खडक खरवडावयाचे नाहीत, असे नियम स्वतःला घालून घेतले. पुन्हा वाढण्याइतके मागे ठेवणे हे त्यांना कोणत्या ग्रंथातून शिकावे लागले नाही.

आपल्याकडेही तिसऱ्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. एक जमिनीचा. सर्व पऱ्हाटी, सर्व कुटार कारखान्याकडे गेले तर जमिनीला काय उरेल? आपल्या काळ्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब टिकवावयाचा असेल तर काही वाटा तिला परत मिळालाच पाहिजे. दुसरा भाग माणसांचा. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, ते पुष्कळदा कोणाचे तरी सरपण असते. ज्या घरी शेत नाही, त्या घरची बाई दुसऱ्याच्या धुऱ्यावरून पऱ्हाटीचा भारा आणते व त्यावर चूल पेटते. उद्या ह्या पऱ्हाटीला भाव आला तर तो भारा तिला मिळेल काय? मुलांचा घरोघरचा तक्ता ह्या प्रश्नाचे उत्तर दाखवील. म्हणून दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे मानावे.

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की सर्वच द्रव्ये गावात काढता येणार नाहीत. शुद्ध पेक्टिन काय किंवा फरफ्युरल काय, त्यांना यंत्रे, रसायने व सांडपाण्याची व्यवस्था लागते. शाळेतील प्रयोग हा उद्योग नव्हे. गावाच्या आवाक्यातील गोष्टी वेगळ्या आहेत : पऱ्हाटी बारीक करून केलेले खत, धिंगरी अळिंबी, सालीची वाळविलेली भुकटी. मुलांना मोठी स्वप्ने दाखविण्यापेक्षा खरा आकडा दाखवावा. आकडा हाती आला की शेतकरी, ग्रामपंचायत व कृषी सहायक यांच्याशी बोलण्यास आधार मिळतो. 'गावात पऱ्हाटी खूप आहे' असे म्हणणाऱ्यास कोणी बारीक करण्याचे यंत्र देत नाही. 'इतके क्विंटल आहे, त्यातील इतके जळते, इतके चुलीत जाते' असे म्हणणाऱ्याचे ऐकून घ्यावे लागते.

प्रत्येक शाळेने ह्या कामाची एक वही ठेवावी. तीत आयतांची वजने, घरोघरचा तक्ता आणि मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली निरीक्षणे असावीत. चुकलेला आकडा खोडून टाकू नये. शेजारी दुरुस्त आकडा लिहावा, म्हणजे मोजणी कशी सुधारत गेली हे दिसते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन-तीन शाळांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर कोरडवाहू गाव व ओलिताचे गाव यांतील फरकही कळून येईल. पुढील वर्षी त्याच शेतात, त्याच महिन्यात पुन्हा मोजणी करावी. मिनिकॉयच्या खडकावर काय आणि बोरगावच्या शिवारात काय, एका वर्षाचा आकडा ही केवळ सुरुवात असते. दुसऱ्या वर्षाचा आकडा त्याच्या शेजारी येऊन बसला म्हणजे पाहणी बोलू लागते.